फरक स्पष्ट करा, गुण तीन

एप्रिल संपत आलाय. कूलरमध्ये पाणी
दिवसातून दोनदाच भरायचं, असं घरात ठरलंय.
टेबलावर आठवी ब चे बेचाळीस पेपर,
उडू नयेत म्हणून वर खलबत्त्यातला बत्ता.

प्रश्न पाचवा मीच काढलेला:
राष्ट्राभिमान, देशप्रेम, राष्ट्रवाद.
काढताना सोपा वाटला होता.

एकोणतीस जणांनी गाईड उतरवलंय, स्वल्पविरामासकट.
एकीनं झेंड्याचे तीन रंग तीन शब्दांना वाटून दिलेत
आणि चक्र उरलं म्हणून समासात काढून ठेवलंय.
आणि ओजस ढोबळे, ज्याचा मामा
जामठ्याच्या स्टेडियमबाहेर गालांवर झेंडे रंगवतो,
तो लिहितो:
"अभिमान म्हणजे आपण जिंकलो की येतो तो.
प्रेम म्हणजे हरल्यावर मामा रडणाऱ्या पोरांचे
गाल फुकट पुसून देतो ते.
वाद म्हणजे"
पुढं कोरं.
वेळ संपला असेल.

माझा बाप गोमाजी पराते, सर्व्हे खात्यात खलाशी.
खलाशी म्हटलं की माझ्या वर्गात हसायचे,
नागपुरात कुठला समुद्र?
समुद्र त्यानं एकदाच पाहिला,
सपाटी कुठून मोजतात ते बघायला.
बाकी चौतीस वर्षं उभा धरला
चार मीटरचा स्टाफ, काळ्या-लाल आकड्यांचा,
चिखलदऱ्याच्या घाटात, बस्तरच्या रानात,
काटोल रोडच्या उन्हात, जिथं डांबराला चप्पल चिकटायची.
लांबवर दुर्बिणीला डोळा लावून साहेब.
आकडा साहेबाला दिसायचा.
बापाला फक्त लाकडाची पाठ.

झिरो माइलला नेलं की चार घोड्यांपाशी छाती काढायचा,
"देशाचा मधोमध, पोरी. आपल्या गावात."
हा अभिमान. हे मी फळ्यावर लिहू शकते.
मग इकडंतिकडं बघून, हळू आवाजात,
"हे मोजलं तवा देश मोठा होता व.
मधली जागा सरकली असंन. कोन्या वावरात असंन.
तिथल्या मानसाले मालूमबी नसंन."
त्या न पाहिलेल्या वावरासाठी
त्याचा चेहरा असा मऊ का व्हायचा,
ते फळ्यावर येत नाही.

मागच्या पंधरा ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला उघडला होता.
रांगेत आम्ही. बाप एक्क्याऐंशीचा,
घशाचं ऑपरेशन झालेला.
मोटरसायकली आल्या, लांबलचक काठ्यांवर झेंडे.
"आजोबा, आवाज नाही आला तुमचा."
परत घोषणा.
"या बुढ्याचा आवाज काहून नाही येऊन राहिला बे?"
रांगेतल्या लोकांना एकदम आपापले मोबाइल आठवले.
मलाही.

बाप पुढं झाला.
पोराच्या हातातली काठी दोन्ही तळव्यांत धरली,
जुन्या सवयीनं,
थोडी पुढं झुकवली, थोडी मागं, अगदी सावकाश,
आणि दम खात खात म्हणाला,
"तिरपा धरला का जास्त दाखवते, बेटा.
इकडं झुकव, तिकडं झुकव, जास्तच दाखवते.
सगळ्यात लहान आकडा येते ना,
तो खरा."

पोराला काही कळलं नाही.
मला तरी कुठं कळलं होतं.
पण काठी त्यानं सरळ धरली,
निदान व्हरायटी चौकाचा सिग्नल सुटेपर्यंत.

कूलर खडखडतोय. पाणी संपलं.
ओजसच्या कोऱ्या जागेवर मी लाल पेन उभं धरते,
मागं-पुढं हलवून बघते.
आतल्या खोलीतून खोकला,
मग तो फाटका आवाज,
"किती आलं व?"

चौतीस वर्षं साहेबाला
हेच विचारायचं राहून गेलं असणार.
थांब, म्हणते. सांगते.
आधी पाणी भरून येते.